समजा, सर्व खुर्च्या मांजरे आहेत

सर्व खुर्च्या मांजरे आहेत. काही मांजरे झाडे आहेत. तर मग काही खुर्च्या झाडे आहेत, असा निष्कर्ष निघतो का? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असला प्रश्न दिसला की घरातली शहाणीसुरती माणसे आधी हसतात आणि मग वैतागतात. उद्याचा तहसीलदार निवडायचा तो या पोरखेळावर? केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत असे तर्काचे प्रश्न विचारणारा ‘सीसॅट’ हा पेपर आणला, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ साली तोच कित्ता गिरवला, तेव्हापासून हा वैताग वाढतच गेला. पुढे दोन्हीकडे तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला आणि ‘बघा, आयोगालाही पटलं’ असे म्हणायला लोक मोकळे झाले. पेपरचे गुण धरायचे सोडले एवढ्यावरून त्यातले प्रश्न निरर्थक होते हे सिद्ध होत नाही. पण ही उडी कुणाला खटकली नाही, आणि माझ्या मते ती न खटकणे हाच या प्रश्नप्रकाराच्या बाजूचा पहिला पुरावा आहे.

पूर्वपक्ष कच्चा मांडून तो खोडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून तो नीट मांडू. पहिला आक्षेप वृत्तीचा. दिलेली विधाने वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी ती खरी माना, अशी सूचना या प्रश्नांच्या माथ्यावर असते. समोर आलेले विधान खरे की खोटे हे तपासणे विचारी माणसाचे पहिले काम, आणि नेमके तेच इथे बंद. असा घडलेला अधिकारी वरून आलेला कागद मुकाट्याने पुढे सरकवणार. दुसरा आक्षेप परंपरेचा. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे, त्यातून खरे ज्ञान व्हायला हवे. डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखायचा तर स्वयंपाकघराचा खराखुरा दाखला द्यावा लागतो. मांजर झालेल्या खुर्चीचा दाखला कुठून आणणार? तेव्हा हे ग्रीकांचे खूळ आहे, आपल्या माथी मारलेले. तिसरा आक्षेप व्यवहाराचा. या प्रश्नांतून बुद्धी कळत नाही, कोणी कुठला क्लास लावला ते कळते. चार युक्त्या पाठ केल्या की प्रश्न सुटतात आणि नोकरीत गेल्यावर त्यांचा उपयोग शून्य.

पहिल्या आक्षेपासाठी खुर्च्या-मांजरे बाजूला ठेवू आणि ओळखीची माणसे घेऊ. सर्व तलाठी पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. म्हणून काही तलाठी कवी आहेत. आता कुणी हसत नाही. उलट कविता करणारा एखादा तलाठी आठवतो आणि मान डोलते. घडण मात्र तीच आहे, शब्द तेवढे बदलले. पदवीधरांतले कवी सगळेच्या सगळे शिक्षक असू शकतात. दोन्ही विधाने खरी राहूनही एकही तलाठी कवी नसणे शक्य आहे, म्हणून निष्कर्ष निघत नाही. तो खरा असेलही. पण निष्कर्ष खरा असणे ही एक गोष्ट, आणि तो या विधानांतून निघणे ही निराळी.

ही गल्लत किती खोलवर आहे, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसते. जो निष्कर्ष विधानांतून निघत नव्हता, पण ऐकायला पटण्याजोगा होता, तो लोकांनी सुमारे ७० टक्के वेळा मान्य केला. तितकाच न निघणारा, पण न पटणारा निष्कर्ष मान्य झाला सुमारे १० टक्के वेळा. उलट बाजूही तशीच होती. विधानांतून नक्की निघणारा निष्कर्ष केवळ पटत नाही म्हणून चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा नाकारला गेला. आपण तर्क तपासतो आहोत असे त्या लोकांना वाटत होते, प्रत्यक्षात ते स्वतःची मते तपासत होते. परीक्षक खुर्च्यांना मांजरे करतो ते याचसाठी. आपल्या माहितीचा आणि आवडीनिवडीचा आधार काढून घेतल्याशिवाय, माणूस विधानांच्या बळावर किती चालतो ते कळत नाही.

राहिला मुकाट्याने मान्य करण्याचा मुद्दा. ‘खरे माना’ म्हणजे ‘विश्वास ठेवा’ नव्हे. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे जुने मत गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात उलथवले ते आधी मान्य करून. जड दगडाला हलका दगड बांधला तर हलका दगड जडाला मागे खेचणार, म्हणून जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडायला हवी. पण जोडीचे वजन तर त्याच्याहून जास्त, म्हणून ती अधिक वेगाने पडायला हवी. एकाच गृहीतातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघाले आणि गृहीत कोसळले. उलटतपासणीत वकील हेच करतो. साक्षीदाराचे म्हणणे खरे धरतो आणि ते कुठवर जाते ते त्याच्याच तोंडून वदवतो. वरून आलेल्या कागदातली विसंगती पकडायची तर तो कागद क्षणभर खरा धरूनच वाचावा लागतो. नुसते ‘मला पटत नाही’ म्हणणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

परंपरेच्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. नैयायिकाला अनुमानातून खरे ज्ञान हवे असते आणि निष्कर्षाचा नुसता आकार तपासून तो थांबत नाही, हे मान्य. पण न मानलेले मानून चालणे आपल्याकडे नव्हते, हे साफ चूक. गौतमाच्या न्यायसूत्रांत सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतला चौथा अभ्युपगमसिद्धान्त. न तपासलेले म्हणणे चर्चेपुरते मान्य करायचे आणि त्यातून पुढचे काय ठरते ते पाहायचे, अशी ती रीत आहे. प्रश्नपत्रिकेवरची सूचना याहून वेगळे काय सांगते? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातला ‘तर्क’ तर याहून पुढे जातो. डोंगरावर अग्नी नाही असे समजा. मग धूरही नसायला हवा. पण धूर समोर दिसतो आहे. इथे जे धरले ते खोटे आहे हे धरणाऱ्याला ठाऊकच असते. म्हणून अन्नंभट्ट तर्काला अयथार्थ ज्ञानाच्या खात्यात टाकतो, आणि तरीही तो प्रमाणांच्या मदतीला येतो.

उलट दिशेचे अनुमान घ्या: अग्नी आहे, म्हणून धूर असणार. हे मोडायला नैयायिकांनी लांबलचक नियम सांगितला नाही, एक वस्तू पुढे केली. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धूर हवा तर अग्नीला ओल्या सरपणाची जोड लागते, आणि ती अट अनुमानात लपून राहिली होती. विधाने खरी पण निष्कर्ष खोटा, अशी एक परिस्थिती दाखवली की अनुमान संपले. शिक्षक असलेले सगळे कवी वर आपण पुढे केले, ते याच कामासाठी. ग्रीक आणि भारतीय विचार असे शेजारी ठेवून पाहणे मराठी विद्वत्तेला नवीनही नाही. मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली निघालेल्या तर्कसंग्रहाच्या आवृत्तीत यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपा ती तुलना जागोजाग करतात.

आता युक्त्या. दोन ‘काही’वाल्या विधानांतून निष्कर्ष निघत नाही, दोन नकारांतून निघत नाही, हे नियम बरोबरच आहेत आणि शतकानुशतके शिकवले गेले आहेत. बिघडते ते वर्तुळांपाशी. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडलेली आकृती सर्व शक्यता एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवते. परीक्षार्थी मात्र बहुधा मनाला आलेले एकच चित्र काढतो: तलाठ्यांचे वर्तुळ पदवीधरांच्या पोटात आणि कवींचे वर्तुळ दोघांनाही छेदून गेलेले. मग त्या चित्रात दिसते ते उत्तर म्हणून लिहितो. चित्र काढायचे ते निष्कर्ष पाडण्यासाठी. पाडता येईल असे एकही चित्र निघाले नाही, तरच निष्कर्ष खरोखर निघाला. हे न सांगता युक्ती शिकवली तर दोष शिकवण्याचा.

मात्र हा प्रश्न उपजत बुद्धी मोजतो, हा दावाही टिकत नाही, आणि इथे पूर्वपक्षाला दाद द्यायला हवी. अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारले होते: दूर उत्तरेत, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शाळा न पाहिलेल्या अनेकांनी उत्तर देणेच नाकारले. आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला त्याला विचारा, असा त्यांचा रोख. ही माणसे मंद नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची नाही, हा त्यांचा बाणा होता. थोडेफार शिक्षण झालेल्यांना तोच प्रश्न सहज सुटला. तेव्हा हे कौशल्य शिकून येते. त्याच्या डोक्यावर ‘बुद्धिमापन’ अशी पाटी लावणे चूक, आणि ते शिकवायचेच नाही हे त्याहून चूक.

उपयोग शून्य म्हणणाऱ्याने कुठल्याही सरकारी कचेरीतली खिडकी पाहावी. सूचना असते: सातबारा न जोडलेला अर्ज फेटाळला जाईल. शेतकरी सातबारा जोडतो, अर्ज तरीही फेटाळला जातो आणि खिडकीशी तंटा सुरू होतो. त्या सूचनेतून ‘जोडलेला अर्ज मंजूर होईल’ हे निघतच नव्हते. जोडणे आवश्यक होते, पुरेसे नव्हते. हे ज्या कारकुनाला कळते तो दोन वाक्यांत समजावून सांगेल. ज्याला कळत नाही तो एक तर भांडेल, नाही तर उद्या नियमाचा उलटा अर्थ लावून भलत्याच माणसाला लाभ देईल. योजनेचे सर्व लाभार्थी अल्पभूधारक असले, तरी प्रत्येक अल्पभूधारक लाभार्थी ठरत नाही. शासन निर्णय राबवणाऱ्याच्या टेबलावर हा फरक रोज येतो.

परीक्षा घेणारेही मात्र निर्दोष नाहीत. ‘येथे गाडी लावणाऱ्या सर्वांच्या चाकांतील हवा सोडली जाईल’ ही पुणेरी पाटी घ्या. धाकाने तिथे कुणी गाडी लावलीच नाही, तरी ती खोटी पडत नाही. म्हणजे ‘सर्व’ म्हटले म्हणून तसे कुणी असतेच असे नाही. क्लासच्या पुस्तकांत ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ हे बिनदिक्कत काढतात. ॲरिस्टॉटलच्या रीतीत ते चालते, बूल आणि व्हेन या तर्कशास्त्रज्ञांच्या रीतीत चालत नाही. कोणती रीत धरली आहे हे प्रश्नपत्रिकेने सांगायलाच हवे. याहून मोठी अडचण उताऱ्यांवरच्या प्रश्नांत आहे. तिथे ‘सर्वांत तर्कसंगत’ निष्कर्ष विचारतात. विधानांतून निष्कर्ष निघतो किंवा निघत नाही. कमी-जास्त असतो तो संभव. हे दोन निकष एकाच पेपरात न सांगता मिसळले, तर मुलांची तक्रार रास्तच आहे.

उपाय हाताशी आहे. बँकांच्या परीक्षांत एके काळी अशा उताऱ्यांना पाच पर्याय असत: निश्चित खरे, बहुधा खरे, माहिती अपुरी, बहुधा खोटे, निश्चित खोटे. यातला ‘माहिती अपुरी’ हा पर्याय उताऱ्यांच्या प्रश्नांत सक्तीने आणावा. दिलेल्या माहितीतून काय निघत नाही, हे सांगता येणे अधिकाऱ्याच्या अंगी हवेच. आणि विद्यार्थ्याने सराव करताना ‘निष्कर्ष निघत नाही’ एवढ्यावर थांबू नये. विधाने खरी ठरतील आणि निष्कर्ष खोटा पडेल, अशी एक परिस्थिती त्याने समासात लिहावी. ती लिहिता आली तर त्याला तर्क आला. नाही आली तर उत्तर बरोबर असले तरी ते अंदाजाने लागले, असे समजावे.