गॅस गीझर : कारखान्यातील कसोटी आणि घरातील दक्षता

थंडीची चाहूल लागताच शहरांतील बाजारपेठांत गॅस गीझरची मागणी वाढू लागते. विजेच्या गीझरप्रमाणे पाणी तापण्याची वाट पाहावी लागत नाही. नळ सोडला की काही सेकंदांत गरम पाणी हजर होते. मात्र दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात बेशुद्ध होऊन मृत्यू ओढवल्याच्या बातम्याही येतात. अशा वेळी 'गॅसची गळती झाली असावी' असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते. तो फरक लक्षात येण्यासाठी हे उपकरण कसे तयार होते, गळतीसाठी कसे तपासले जाते आणि त्या तपासणीची मर्यादा कोणती, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापविणारे घरगुती यंत्र तयार केले. आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यांवरून त्याला 'गीझर' हे नाव मिळाले. या यंत्राला धुराडे नव्हते; जळलेला वायू खोलीतच राहत असे. आजही धोक्याचे मूळ बहुतांशी तेथेच आहे.

जडणघडण

गॅस गीझरचे मुख्य भाग तीन. पहिला, तांब्याचा उष्णताविनिमयक. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या अनेक पट्ट्या समांतर ओवून त्यांतून तांब्याची नळी फिरविली जाते व सांधे भट्टीत झाळून पक्के केले जातात. दुसरा भाग बर्नर. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याच्या या बर्नरला बारीक छिद्रांच्या नॉझलमधून गॅस मिळतो. छिद्राचा व्यास गॅसच्या प्रकारानुसार ठरतो. म्हणूनच सिलिंडरच्या गॅससाठी बनविलेला गीझर पाइपगॅसला परस्पर जोडणे चुकीचे ठरते.

तिसरा आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे पाणी व गॅस यांचा संयुक्त व्हॉल्व्ह. त्यातील रबरी पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असते. पाणी वाहू लागले की दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा सरकतो आणि गॅसचा मार्ग उघडतो. पाणी थांबताच स्प्रिंग तो मार्ग बंद करते. ठिणगी पडूनही ज्योत पेटली नाही, तर ज्योतीची जाणीव ठेवणारा संवेदक विद्युत व्हॉल्व्हकरवी गॅस तोडतो.

गळतीची कसोटी

जुळणीच्या वेळी गळती शोधण्यासाठी सहसा ज्वलनशील गॅस वापरला जात नाही; कोरडी, दाबाखालील हवा वापरतात. ही चाचणी दोन प्रकारे होते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून आणि पुढील तोंडे बुचांनी बंद करून सांध्यांतून बाहेर होणारी गळती पाहिली जाते. नंतर व्हॉल्व्ह बंद ठेवून त्याच्या बैठकीतून हवा पुढे झिरपते काय, हे तपासले जाते. दुसरी चाचणी तितकीच महत्त्वाची. कारण बंद गीझरच्या बर्नरमधून गॅस झिरपत राहिला, तर पुढच्या ठिणगीसरशी भडका उडू शकतो.

यंत्र आधी हवा भरते, नंतर ती स्थिर होऊ देते आणि मग दाब किती घटला ते मोजते. समजा, तपासल्या जाणाऱ्या पोकळीचे आकारमान १०० घनसेंटीमीटर आहे आणि मिनिटाला १ घनसेंटीमीटर हवा निसटते. अशा वेळी मिनिटभरात दाब सुमारे १० मिलिबारने उतरतो. याहून कितीतरी सूक्ष्म घट आधुनिक यंत्रे टिपतात. मात्र बंदिस्त हवेचे तापमान अवघ्या एका अंशाने बदलले, तरी दाब साडेतीन मिलिबारच्या आसपास बदलतो. नुकत्याच झाळलेल्या गरम भागातील हवा निवत असेल, तर गळती नसतानाही ती असल्याचा भास होतो. उलट थंड भागातील हवा तापत असेल, तर खरी गळती लपून राहते. म्हणूनच स्थिर होण्याचा अवधी घाईने कमी करणे घातक ठरते. चाचणी यंत्रही तपासावे लागते. त्याला ठरावीक मापाची मुद्दाम केलेली गळती जोडून ते ती नाकारते काय, हे पाहिले जाते.

पाण्याच्या मार्गाची दाबचाचणी स्वतंत्रपणे होते. अखेरीस प्रत्यक्ष गॅसवर ज्योत पेटवून ती कशी जळते, पाणी थांबताच विझते काय आणि गॅस वेळेवर बंद होतो काय, हे पाहतात. एलपीजीवर चालणाऱ्या लहान घरगुती गीझरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे मानक आहे. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहणे हे ग्राहकाचे पहिले काम होय.

चाचणीपलीकडचा धोका

या साऱ्या कसोट्यांनी न जळलेला गॅस बाहेर पडत नाही, एवढे सिद्ध होते. जळलेल्या वायूचे काय, हा प्रश्न उरतोच. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास सुमारे साडेदहा किलोवॉट शक्ती लागते. विजेचा साधा गीझर बहुधा दोन किलोवॉटचा असतो. एवढी उष्णता निर्माण करण्यासाठी बर्नरला तासाला सुमारे १२ घनमीटर हवा हवी. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. म्हणजे दारे-खिडक्या बंद असतील, तर दहा मिनिटांच्या आंघोळीत तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक प्राणवायू संपू शकतो.

प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. गळणाऱ्या एलपीजीला मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा उग्र वास येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळणे, पाय लटके पडणे ही लक्षणे जाणवेपर्यंत कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. निर्दोष, गळतीमुक्त गीझरही अशा खोलीत जीवघेणा ठरतो.

घरात काय करावे?

गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत बसवावा आणि गरम पाणी नळाने आत आणावे. एक्झॉस्ट पंखा हा धुराड्याला पर्याय नव्हे. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर वापर थांबवून तंत्रज्ञाला बोलवावे.

सिलिंडरपासून गीझरपर्यंतचे सांधे कारखान्यात तपासले गेलेले नसतात. ते घरी जोडले जातात. त्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे. काडी ओढून तपासणे म्हणजे संकटाला आमंत्रण. वास आल्यास विजेची बटणे चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन एलपीजी गळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर कळवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत व मोरीत साचतो, हेही ध्यानात ठेवावे.

कारखाना यंत्राची हमी देऊ शकतो, न्हाणीघरातील हवेची नाही. ती खिडकी उघडण्याचे काम घरातल्यांनाच करावे लागते.