नाक वर, पण घरी कसं जायचं?

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत ओहायोमध्ये एका प्रोजेक्टवर होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या क्युबिकलमधल्या एका सहकाऱ्याकडे १९६०च्या दशकातली शेव्ही नोव्हा होती. रविवारी तो ती ड्रॅगस्ट्रिपवर पळवायचा आणि सोमवारी तिच्यातूनच ऑफिसला यायचा. एका सोमवारी संध्याकाळी त्याने मला घरी सोडलं. सरळ रस्त्यावर काय मजा आली म्हणून सांगू! पण हायवे सोडून वळणावर आलो आणि गाडी एका बाजूला अशी काही कलली, की मी दाराची मूठ घट्ट धरली. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, स्टिअरिंगने एकदम हिसका दिला आणि आम्ही अर्धे शेजारच्या लेनमध्ये. नशीब, तिथे कोणी नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, "पुढचं सस्पेन्शन स्ट्रिपसाठी सेट केलंय."

सेट केलंय म्हणजे नक्की काय केलंय? हा किडा डोक्यातून जाईना. शोधायला बसलो तर पाऊण शतकाचा इतिहास निघाला.

ड्रॅग रेस म्हणजे काय ते आधी सांगतो. दोन गाड्या, सरळ पट्टा, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर. उभ्या गाडीने सुरुवात करायची, जो आधी पोचला तो जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं हे उद्योग सरळ रस्त्यावर करायची आणि माणसं मरायची. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, काढली. रेस रस्त्यावरून उचलून पट्ट्यावर न्यायची, हा त्यामागचा एक मोठा हेतू. गाड्या मात्र रस्त्यावरच्याच होत्या. आणि इथेच आपली भानगड सुरू होते.

थोडं गणित करू, घाबरू नका. गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागच्या चाकांवर सरकतं. किती? गाडीचं वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आणि त्याला गुणिले प्रवेग. १५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटर, प्रवेग १ जी धरला तर साधारण २७० किलो मागे जातात. मागच्या चाकांवर दाब वाढला की पकड वाढते. १९५०च्या दशकातले टायर अरुंद आणि कडक, जागच्या जागी फिरून नुसता धूर काढणारे. त्यामुळे लोकांनी सूत्रातली हाताला लागणारी गोष्ट धरली, ती म्हणजे उंची. गाडीच उंच करा!

यातून 'गॅसर' जन्माला आल्या. पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांचे हे वर्ग, म्हणून हे नाव. आवडती गाडी म्हणजे १९४१ची विलीज कूप, कारण हलकी आणि आखूड. स्टोन, वुड्स आणि कुक या त्रिकुटाची विलीज तर दंतकथाच झाली. (हो, हीच ती विलीज कंपनी, जिच्या जीपा जोडून महिंद्रांनी आपल्या मुंबईत गाड्यांच्या धंद्याला सुरुवात केली.) ज्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होतं, त्यांचं ते काढून लोक व्हॅनचा किंवा जुन्या गाडीचा सरळ ॲक्सल पाट्यांवर बसवायचे. म्हणजे आपल्या ट्रकसारखंच पुढचं टोक. नाक आकाशात. हे इतकं वाढलं की क्रँकशाफ्ट जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको, असा नियम एनएचआरएला करावा लागला.

आता गंमत बघा. माझी कित्येक वर्षं समजूत होती की नाक वर उचललं जातं *म्हणून* वजन मागे जातं. साफ चूक! वजन प्रवेगामुळे सरकतं. नाक वर येणं हा त्याचा परिणाम. आपल्या उदाहरणातल्या गाडीचं नाक १० सेंटिमीटर उचललं गेलं तर गुरुत्वमध्य जेमतेम ५ सेंटिमीटर वर जाईल आणि मागे आणखी २५-३० किलो मिळतील. बस्स. पुढच्या सस्पेन्शनच्या हातात खरं असतं ते *वेळेचं* गणित. वजन किती झटकन सरकतं आणि किती वेळ तिथे टिकतं.

म्हणून आले '९०/१०' शॉकअप. उघडताना सैल, दबताना कडक. नाक पटकन वर येतं आणि गिअर बदलताना धपकन खाली पडत नाही. जोडीला उंच, मऊ स्प्रिंगा, दाबून बसवलेल्या. आणि पुढचा अँटी-रोल बार सरळ काढून टाकायचा, म्हणजे नाक मोकळं.

मात्र १९६०च्या दशकात मऊ, रुंद स्लिक टायर सुधारत गेले आणि उंचीची गरजच संपत आली. १९६५ मध्ये क्रायसलरने तर उंचीचा नाद सोडून काही गाड्यांची मागची चाकं १५ इंच आणि पुढची १० इंच पुढे सरकवली. दिसायला इतक्या विचित्र, की पुढे 'फनी कार' हे नाव रूढ झालं. एनएचआरएने त्यांना फॅक्टरी एक्सपेरिमेंटल वर्गात घेतलं नाही. तिथून शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांच्या वाटा झपाट्याने वेगळ्या होत गेल्या.

पण माझ्या मित्रासारखी माणसं दोन्ही वाटांवर पाय ठेवून उभी असतात. त्याच्या गाडीचं कोडं आता सुटतं. वळणावर कलली, कारण अँटी-रोल बार नव्हता. खड्ड्यात हिसका बसला, कारण चाक वर-खाली होताना सस्पेन्शनचा दांडा एका कमानीत फिरतो आणि स्टिअरिंगचा दुसऱ्या. दोन्ही जुळले नाहीत तर चाक आपोआप वळतं. आणि ९०/१० शॉकअप खराब रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला उघडतात पण पुरते मिटत नाहीत, त्यामुळे नाक हळूहळू वरच चढत जातं. म्हणजे ब्रेक मारायची वेळ येईल तेव्हा गाडी आधीच चुकीच्या पवित्र्यात.

याची खरी परीक्षा २००५ पासून 'हॉट रॉड' मासिकाच्या ड्रॅग वीकमध्ये होते. पाच दिवस, वेगवेगळ्या स्ट्रिप आणि मधला सुमारे हजार मैलांचा प्रवास त्याच गाडीने, रस्त्यावरून. गाडी ट्रेलरवर चढवली की स्पर्धेतून बाद. २०१४ मध्ये लॅरी लार्सन यांच्या शेव्ही एस-१० पिकअपने इथे पाव मैल ६ सेकंदांच्या आत कापला. अशा गाड्यांना नुसतं नाक उचलून चालत नाही. शॉकअप उघडताना आणि मिटताना वेगवेगळे जुळवता येणारे लागतात. नाक किती वर येईल याला मर्यादा घालतात, कारण चांगल्या टायरवर जास्त उचल म्हणजे वाया गेलेली ताकद. आणि चाकं नुसती उभ्या गाडीत नाही, तर नाक वर असतानाही सरळ राहतात का, हे मोजतात.

नंतर मित्राला विचारलं तेव्हा तो ओशाळला. त्याच्याकडेही असेच शॉकअप होते, घुंडी फिरवून बदलता येणारे. बारही गॅरेजमध्ये होता. रविवारी रात्री कंटाळा केला, इतकंच.

आमच्या धंद्यात याला टेस्टचं कॉन्फिगरेशन प्रॉडक्शनवर सोडणं म्हणतात. फरक एवढाच, की आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो. १९५१ मध्ये रेस रस्त्यावरून हटवली ती शेजारच्या लेनमधल्या माणसासाठी. मग रविवारची सेटिंग सोमवारी तशीच घेऊन निघायची, म्हणजे ती रेस पुन्हा त्याच्याच लेनमध्ये नेऊन सोडायची, नाही का?

असो. त्यानंतरही मी दोनदा त्या नोव्हात बसलो. पण आधी खाली वाकून बघितलं, बार जागेवर आहे का ते!