नळदुर्गचें पाणी आणि लेण्यांतील अंधार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस परंड्याकडील एक तरुण शिक्षक मजकडे आला. आपल्या भागांतील वीरगळ, शिलालेख व पडके वाडे ह्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं असा त्याचा संकल्प होता. निकड खरी होती. धाराशिव जिल्ह्यांत गांवोगांव देवळांचे जीर्णोद्धार चालले आहेत. आणि जीर्णोद्धार म्हणजे पुष्कळ ठिकाणीं जुन्या शिळेवर तैलरंगाचा जाड लेप, नाहीं तर तीच शिळा उचलून ओट्याच्या पायरीला. पुढील पांच-सात वर्षांत जें टिपलें जाईल तेंच शिल्लक राहणार, अशी ही घाई आहे. पैसा मात्र त्याजजवळ एकाच यंत्रापुरता होता. दुकानदारानें दोन जातींचे कॅमेरे पुढें मांडले होते. एक ‘मिररलेस’, म्हणजे आंत आरसा नसलेला व भिंगें बदलतां येणारा. दुसरा खिशांत मावणारा ‘सुपरझूम’, ज्याचें एकच भिंग पायांशीं पडलेली शिळाही टिपतें आणि समोरच्या डोंगरावरील बुरुजही. “ह्यांतला कोणता घेऊं?” असा त्याचा प्रश्न होता. मी छायाचित्रकार नव्हें; इतिहास वाचणारा एक मनुष्य. तेव्हां मला जें उत्तर सुचलें तें इतिहासाच्या वाटेनेंच सुचलें.

प्रथम नांवाविषयीं थोडेंसें. आरसा नसणें ही जणूं कांहीं नवी सिद्धि आहे अशा थाटांत दुकानदार बोलतात. वास्तविक पहिले सगळेच कॅमेरे आरशावांचून होते. मागच्या घांसलेल्या कांचेवर उलटें पडलेलें चित्र डोक्यावर काळें कापड घेऊन पाहावयाचें, आणि मग तेथें कागद किंवा कांच सरकवावयाची. आंत आरसा बसवून भिंगांतून थेट पाहण्याच्या युक्तीचा हक्क थॉमस सटन ह्यानें १८६१ सालीं घेतला, व ती सर्वत्र रूढ होण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं. २००८ सालीं पॅनासॉनिकनें ‘लुमिक्स जी-१’ काढून भिंगें बदलण्याच्या कॅमेऱ्यांतला आरसा पुन्हां काढून टाकला. तेव्हां ज्यास नवें म्हणतात तें एका अर्थीं जुन्या घरीं परतणेंच आहे.

निवडीचा प्रश्नही असाच जुना आहे. १८५३ सालीं निजामानें फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं जो मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला त्यांत हा जिल्हाही होता, व त्याचा कारभार पाहण्यास कॅप्टन मेडोज टेलर नळदुर्गास येऊन राहिला. ‘एका ठगाची जबानी’ लिहिणारा टेलर तो हाच. तुळजापुरापासून सुरू होणारी त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ सालीं निघाली. टेलर हातीं कुंचला धरणारा होता; दक्षिणेंतील त्याच्या रेखाचित्रांचें पुस्तक १८३७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. तो नळदुर्गास असतांनाच, १८५५ सालीं, कंपनी सरकारनें मुंबईच्या तोफखान्यांतील कॅप्टन बिग्ज ह्यास विजापूर व त्या बाजूच्या इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामगिरीवर पाठविलें. वर्षअखेरीस त्यास पलटणींत परत बोलावलें आणि काम डॉक्टर पिगू ह्याजकडे गेलें. पुढें १८६६ सालीं लंडनमध्यें विजापूरच्या वास्तुशिल्पावर जो मोठा ग्रंथ निघाला त्यांत बिग्जचीं छायाचित्रें आहेत आणि ऐतिहासिक निबंध टेलरचा आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर जो बांध आहे व त्याच्या पोटांत जो पाणीमहाल आहे, तो १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतला. म्हणजे विजापूरच्या त्या इमारती आणि टेलरच्या दारांतला हा बांध एकाच घराण्याचीं कामें होत.

बिग्जपुढें दोन वाटा होत्या. एक कागदाची. टालबट ह्याच्या रीतीनें रसायनांत भिजविलेल्या कागदावर निगेटिव्ह घ्यावयाचें. कागद आधीं तयार करून नेतां येत, आणि चित्र उमटविण्याचें काम मुक्कामावर येऊन निवांत करतां येई. ओझें कमी, फिरणें सोपें. दोष एवढाच कीं, कागदाचा तंतू चित्रांत उतरे व बारीक नक्षी मऊ पडे. दुसरी वाट कांचेची. आर्चर ह्यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतीनें चित्र असें तीक्ष्ण येई कीं दगडावरील छिन्नीचा ओरखडा मोजावा. पण कांचेवर लेप चढविणें, ती कॅमेऱ्यांत घालणें व चित्र उमटविणें हें सगळें लेप ओला आहे तोंवर, दहा-पंधरा मिनिटांत उरकावें लागे. म्हणून अंधाऱ्या तंबूची, बाटल्यांची, पाण्याच्या बुधल्यांची वरात छायाचित्रकाराबरोबर चाले. दख्खनच्या उन्हांत कलोडियनमधील ईथर उडून लेप पाहतां पाहतां सुके. नळदुर्गास निदान पाणी तरी मुबलक होतें. धाराशिवच्या लेण्यांत तेंही डोंगरावर वाहून न्यावें लागलें असतें. बिग्जनें कागद पत्करला. त्याचीं चित्रें आज पाहिलीं म्हणजे घुमटांचा आकार व सावलीचा भार उत्तम उतरलेला दिसतो, पण बारीक नक्षी वाचावयास गेलें तर डोळा अडतो. त्याबद्दल त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. शंभराहून अधिक निगेटिव्हें तो घेऊन आला. कांच घेऊन निघाला असता तर किती आणलीं असतीं?

अजिंठ्याची हकीकत ह्याहून बोलकी आहे. १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत बसलेला मेजर गिल पुढें छायाचित्रणाकडे वळला, आणि त्यानें घेतला तो लहान, दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा. त्याचीं चित्रें तळहाताएवढीं. पण १८६४ च्या ‘हिंदुस्थानांतील कोरींव लेणीं’ ह्या पुस्तकांत फर्ग्युसनच्या मजकुराबरोबर तीं सर्वत्र पोंचलीं. १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत गिलच्या तेथें मांडलेल्या मोठ्या तैलचित्रांची राख झाली. लहान कॅमेऱ्याचीं चित्रें अनेक प्रती झाल्यामुळें वांचलीं. लहान यंत्रास नाक मुरडणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां धाराशिवच्या लेण्यांकडे येतों, कारण माझ्या मतें ह्या जिल्ह्यांत कॅमेऱ्याची खरी परीक्षा तेथेंच होते. बर्जेस १८७५-७६ च्या हंगामांत इकडे आला व त्याचा अहवाल १८७८ सालीं छापला गेला. १८८० च्या ‘केव्ह टेंपल्स’ ग्रंथांत त्यानें व फर्ग्युसननें हीं लेणीं जैन म्हणून नोंदलीं. कनकामरमुनीच्या ‘करकंडचरिउ’ ह्या अपभ्रंश काव्यांत तेरपुराजवळील लेण्यांची जी कथा आहे, तिचा संबंध १९३४ सालीं तें काव्य संपादणारे हिरालाल जैन ह्यांनीं येथें जोडला. उलट, लेण्यांची रचना बौद्ध विहाराची आहे, मूळ खोदकाम बौद्धांचें व जैनांचा ताबा मागाहूनचा, असें पुढील कांहीं संशोधकांचें म्हणणें आहे. हा वाद पोथींतून मिटणारा नाहीं. गाभाऱ्यांतील मूर्ति, तिच्यावरील नागफणा, तिचें आसन, खांबांची घडण, मागाहून कोठें छिन्नी चालली आहे काय, हें सगळें डोळ्यांत तेल घालून पाहावयाचें आहे. आणि तेथें आहे अंधार.

मी स्वतः तेथें एकदां असाच एक उसना सुपरझूम घेऊन गेलों होतों. बाहेर ओसरीवर चित्रें झकास आलीं. मंडप ओलांडून आंत गेल्यावर मात्र यंत्रानें जें दिलें तें रांगोळी फिसकटावी तसें होतें. घरीं येऊन मोठें करून पाहिलें तों मूर्तीच्या आसनावरील कोरकाम आहे कीं निव्वळ यंत्राच्या पोटांतला कलकलाट आहे, हें सांगतां येईना. ह्याचें कारण साधें गणित आहे. अशा खिशांतल्या सुपरझूमचा प्रकाश झेलणारा पडदा बहुधा सुमारें ६.२ मिलिमीटर रुंद व ४.६ मिलिमीटर उंच, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरांचा असतो. मध्यम प्रतीच्या मिररलेसचा सुमारें २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. तेरा पट पाऊस एका अंगणांत पडतो व एक पट दुसऱ्यांत. शिवाय सुपरझूमचें भिंग तीस पट लांब ताणलें कीं त्याचें तोंड आक्रसतें, आणि अंधारांत तें जवळपास आंधळें होतें. मोठ्या मिररलेसांत ३६ बाय २४ चा जो ‘पूर्ण’ पडदा असतो, त्याचें माप तर ऑस्कर बार्नाकच्या लायकाचें, जो १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत विक्रीस आला. त्या वेळीं मोठ्या कांचा वापरणारे ह्याच मापास पोस्टाचें तिकीट म्हणून हंसले होते!

दुसऱ्या दिवशीं तेंच उसनें यंत्र नळदुर्गास नेलें. नर आणि मादी ह्या दोन्ही धबधब्यांतून पाणी कोसळत होतें, तुषारांनीं बांधाजवळ उभें राहवेना. पलीकडील तटावरून मीं पाणीमहालाच्या झरोक्याची कमान जवळ ओढली आणि तिच्या कांठावरील कातीव पट्टी दगड न् दगड मोजतां आली. मिररलेसला हें करावयाचें तर लांब भिंग निराळें विकत घ्यावें लागतें, आणि अनेकदां त्याची किंमत कॅमेऱ्याहून अधिक असते. येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत पक्षी टिपणाऱ्यांस मी दुसरें कांहीं सुचविणार नाहीं. (२०२४ च्या अखेरीस त्याच रानांत विदर्भांतून चालत आलेला वाघ ज्यानें टिपला तो मात्र झाडास बांधलेला कॅमेरा होता; त्यापुढें आमची सगळी चर्चा फुकट.)

तरी त्या शिक्षकास मीं मिररलेसच सांगितला. वीरगळ पळून जात नाहीं. त्याच्याजवळ जातां येतें. लांबचें ओढून घेण्याची गरज क्वचित्, आणि देवळाच्या कोपऱ्यांतला अंधार मात्र नेहमींचा. शिवाय झिजलेला शिलालेख समोरून पडलेल्या उजेडांत कधींच वाचतां येत नाहीं. प्रकाश बाजूनें, दगडाला घांसून गेला पाहिजे, म्हणजे अक्षरांच्या खांचांत सावली भरते. त्यासाठीं कॅमेऱ्यापासून वेगळा धरतां येणारा दिवा हवा. मिररलेसला तो जोडण्याची सोय बहुधा असते, खिशांतल्या सुपरझूमला बहुधा नसते. कॅमेरा जुना, वापरलेला घे, भिंग एकच घे, आणि उरलेल्या पैशांत भक्कम तिपाई व दिवा घे, एवढें सांगून मीं त्यास वाटेस लावलें.

परवां त्यानें एका वीरगळाचें छायाचित्र पाठविलें. खालच्या पट्टींत झुंज, मधल्या पट्टींत वीरास वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. झुंजीच्या मागें तीन गाईंचीं डोकीं स्पष्ट दिसतात. मीं तोच दगड पूर्वीं दोनदां प्रत्यक्ष पाहिला होता, आणि मला त्या गाई कधीं दिसल्या नव्हत्या. पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें आहे कीं, देवळाच्या शिखराजवळ एक लेख असावासा वाटतो, पण खालून तो वाचतां येत नाहीं. तरी माझ्या ओळखीचा तो सुपरझूम दोन दिवस मिळेल काय?