त्वचेचा 'प्रकार' कोणी ठरवला?

मे महिन्याची सुट्टी संपवून मुरबाडकडची मुले शाळेत येतात ती चांगली रापलेली. कोणी रानात करवंदे वेचलेली असतात, कोणी शेतात राब भाजायला मदत केलेली असते. मग वर्गात कोणाला तरी 'काळ्या' अशी हाक पडते आणि ती वर्षभर चिकटते. अशा वेळी आपण शिक्षकांनी काय करावे? आम्हाला वाटते, नुसते रागावण्यापेक्षा 'त्वचेचा प्रकार' या कल्पनेचा इतिहास मुलांना सांगावा.

त्वचेचा रंग मोजण्याची हौस जुनी आहे. फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने त्यासाठी ३६ रंगीत काचांचा संच केला होता. काच त्वचेशेजारी धरायची आणि जुळेल तो क्रमांक लिहायचा. पण एकाच माणसाला दोन निरीक्षक वेगवेगळे क्रमांक देत. शिवाय ती त्वचा उन्हात कशी वागते, हे त्यातून कळत नसे.

हा दुसरा प्रश्न पुढे आला तो औषधोपचारातून, आणि त्याचा एक धागा आपल्या बावचीपर्यंत पोचतो. कोडाच्या डागांवर बावचीचे बी लावून ऊन घेण्याचा उपचार आयुर्वेदात आहे. १९३३ साली जोईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. सोरालेनमुळे त्वचा अतिनील किरणांना फार संवेदनशील होते. (म्हणूनच बावचीचा प्रयोग घरी करू नये, त्वचा भाजते.)

१९७४ साली अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी सोरायसिसवर याच कुळातले औषध देऊन अतिनील किरणांचा उपचार सुरू केला. किरणांची मात्रा केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरवत. पण काळे केस आणि तपकिरी डोळे असलेल्या काही रुग्णांचीही त्वचा भाजली! दिसण्यावरून काढलेला अंदाज चुकला होता.

म्हणून १९७५ साली फिट्झपॅट्रिक यांनी रुग्णालाच विचारायचे ठरवले: उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाऊण-एक तास उन्हात राहिलात तर त्वचा किती भाजते? नंतर किती रापते? उत्तरांवरून त्यांनी चार प्रकार केले. ते सारे गोऱ्या त्वचेचे होते. पुढे तपकिरी त्वचेसाठी पाचवा आणि काळ्या त्वचेसाठी सहावा प्रकार जोडला गेला. यातली गंमत पाहा. गोऱ्यांना प्रश्न विचारला, इतरांचा मात्र पुन्हा रंगच पाहिला! प्रत्यक्षात सावळ्या माणसांची त्वचाही उन्हात सारखी वागत नाही.

मग रंगात फरक कशाचा? मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या कणांचे प्रमाण, आकार आणि मांडणी यांत. हे कण अतिनील किरण शोषून पेशींमधल्या जनुकद्रव्याचे रक्षण करतात. ऊन वाढले की मेलॅनिन वाढते. यालाच आपण रापणे म्हणतो. कोरडी आणि तेलकट हे प्रकार वेगळे. ते त्वचेतल्या तेलावर आणि ओलाव्यावर अवलंबून असतात आणि वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतात. वयात येताना संप्रेरकांमुळे तेल वाढते, म्हणून नववी-दहावीतल्या मुलामुलींना मुरुमे येतात. थंडीतल्या कोरड्या हवेत हीच त्वचा फुटते.

आता वर्गात एक निरीक्षण करून घ्या. प्रत्येकाने आपल्या हाताची मनगटाजवळची बाहेरची बाजू आणि दंडाची आतली बाजू शेजारी शेजारी पाहावी. आतला रंग बराचसा आईवडिलांकडून आलेला. वरचा फरक मुख्यतः उन्हाने केलेला. शिक्षकांनीही स्वतःचा हात दाखवावा. अट एकच: तुलना आपली आपल्याशीच करायची, शेजाऱ्याशी नाही. ज्याला 'काळ्या' म्हणून हाक मारली जाते, त्याच्या मनगटावर त्याने उन्हात केलेल्या कामाची नोंद आहे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.