सरवटे, चंद्रशेखर त्र्यंबक

सरवटे, चंद्रशेखर त्र्यंबक : (२२ जुलै १९२०–२३ डिसेंबर २००३). भारतीय अष्टपैलू क्रिकेटपटू. ‘चंदू सरवटे’ या नावाने परिचित. उजव्या हाताचे फलंदाज व मंदगती फिरकी गोलंदाज. जन्म सागर (तत्कालीन मध्य प्रांत) येथे. १९४६ ते १९५१ या काळात ९ कसोटी सामने. प्रथम श्रेणीत १९३६–३७ पासून १९६८–६९ पर्यंत १७१ सामने, ७,४३० धावा, १४ शतके आणि ४९४ बळी. शिक्षणाने वकील, अंगुलिमुद्रातज्ज्ञ म्हणूनही त्यांनी काम केले. मध्य प्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, हिंदू, होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश आणि विदर्भ अशा आठ संघांकडून ते खेळले.

आठ संघांची ही यादी पाहिली की वाचकाची पहिली समजूत अशी होते की हा कुठेच न रुळलेला खेळाडू असावा. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये असे व्यावसायिक खेळाडू पुष्कळ असतात: आज या शहराचा संघ, पुढच्या वर्षी दुसऱ्या शहराचा, आणि मैदानातल्या ज्या जागी माणूस कमी असेल तिथे उभे राहायचे. तिथे मालक खेळाडूंची अदलाबदल करतात म्हणून संघ बदलतो. सरवटे यांच्या बाबतीत कारण वेगळे होते. त्यांच्या आठांपैकी तीन संघ, होळकर, मध्य भारत आणि मध्य प्रदेश, हे इंदूरच्या क्रिकेटची एकामागून एक आलेली तीन रूपे होत. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, पण ‘होळकर’ या नावाचा संघ १९५४–५५ पर्यंत रणजी करंडकात खेळत राहिला. त्यानंतर तो मध्य भारत झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. त्याच पुनर्रचनेत नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि विदर्भाचा संघ स्वतंत्र उभा राहिला. ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडाकडून सोळाव्या वर्षी सरवटे पहिल्यांदा उतरले, तो प्रांतच नकाशावर राहिला नाही. संघ सोडणे आणि पायाखालची राज्यसीमा सरकणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. त्यांच्या कारकिर्दीतील बऱ्याच बदलांचे मूळ दुसऱ्या गोष्टीत आहे.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे स्थलांतर म्हणजे सागरहून इंदूरकडचे. त्याची कारणे भूगोलात आणि राजकारणात शोधावी लागतात. सागर, दमोह, जबलपूर आणि जबलपूरलगतचे पाटन हा सारा पट्टा पेशवाईत मराठी अंमलाखाली होता. गोविंदपंत बुंदेले यांनी अठराव्या शतकात सागर हे आपले ठाणे केले आणि तेव्हापासून तिथे मराठी वस्ती रुजली. १८१७–१८ नंतर हा मुलूख थेट ब्रिटिशांकडे गेला. त्यामुळे क्रिकेटच्या दृष्टीने त्याच्या वाट्याला एक उणीव आली: खेळाडूला पगार, हुद्दा आणि वर्षभराचा सराव देणारा संस्थानिक तिथे उरला नाही. इंदुरात तो होता. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ मध्ये बोलावून घेतले व सैन्यात अधिकारपद दिले. पुढे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाने मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड अशी माणसे एका संघात आली. १९४४–४५ ते १९५४–५५ या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा (१९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१, १९५२–५३) विजेता ठरला. पाटन-जबलपूरच्या बाजूच्या होतकरू मुलाला त्या काळी खेळावर उभे राहायचे असेल तर पश्चिमेची वाट धरण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. १९५६ नंतर जबलपूर आणि इंदूर एका राज्यात आले, तेव्हा ही वाट निदान एका संघाच्या हद्दीतली झाली.

सरवटे यांना मोठा खेळाडू म्हणण्यावर पहिला आक्षेप कसोटीतील आकड्यांचा आहे आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. ९ कसोटींत २०८ धावा, सरासरी १३. बळी फक्त ३ आणि तेही प्रत्येकी १२४ धावा मोजून. पाच कसोटी १९४७–४८ मध्ये ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध होत्या, असे समर्थन केले जाते. ते अपुरे आहे, कारण त्याच दौऱ्यात हजारे यांनी अॅडलेडला दोन्ही डावांत शतके काढली आणि मंकड, फडकर यांनीही शतके केली. सरवटे कसोटीतील फलंदाज म्हणून त्या पंक्तीत बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्याकडून कोणते काम घेतले गेले हेही पाहावे. मे १९४६ मध्ये ओव्हलवर सरे परगण्याविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर खेळले. जानेवारी १९४८ मध्ये मेलबर्नला विनू मंकडबरोबर सलामीला गेले आणि १२४ धावांची भागी केली, त्यात त्यांच्या धावा ३६. वीस महिन्यांत दहाव्या क्रमांकावरून सलामीला जाणारा खेळाडू संघाची अडचण भागवत असतो. त्याची स्वतःची जागा ठरलेली नसते. शिवाय ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. सरवटे यांची सोळा ते पंचवीस ही वर्षे याच पोकळीत गेली. पहिली कसोटी मिळाली तेव्हा त्यांना सव्वीस वर्षे पूर्ण होत होती आणि दहा हंगाम त्यांच्या मागे होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १९४० च्या दशकातील खेळपट्ट्या फलंदाजांना आंदण दिलेल्या होत्या, रणजीत धावांचे डोंगर रचले जात, तेव्हा देशांतर्गत आकड्यांना किती किंमत द्यायची? फलंदाजीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. सरवटे यांची ३२.७३ ही सरासरी त्या काळाच्या मानाने मध्यमच, आणि २४६ या सर्वोच्च खेळीचे वजनही थोडे कमी करावे लागेल. परंतु हाच युक्तिवाद गोलंदाजीकडे वळवला की त्याची दिशा उलटते. ज्या खेळपट्ट्यांनी धावा स्वस्त केल्या, त्यांनीच बळी महाग केले. अशा काळात २३.५४ च्या सरासरीने ४९४ बळी, म्हणजे दर सामन्यात जवळजवळ तीन, ही मोठी कमाई ठरते. १९४५–४६ मधला म्हैसूरविरुद्धचा सामना याचा ठोस पुरावा आहे. होळकर संघाने ८ बाद ९१२ वर डाव सोडला; भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह या सहा जणांनी शतके ठोकली आणि एका डावात सहा शतकांचा विक्रम झाला. दुसऱ्या डावात म्हैसूरनेही ६ बाद ५०९ केल्या. या दोन डावांच्या मधोमध म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत संपला, कारण सरवटे यांनी ६१ धावांत ९ बळी घेतले. सामन्याची आठवण ९१२ साठी काढली जाते. माझ्या मते त्यातला सर्वांत असामान्य आकडा ६१ धावांत ९ बळी हा आहे, कारण शतक होळकरच्या सहा जणांना जमले, डावात नऊ बळी मात्र एकालाच.

त्यांचे नाव जगभर गेले ते एका भागीदारीने. ११ मे १९४६ रोजी ओव्हलवर सरे परगण्याविरुद्ध भारताची अवस्था ९ बाद २०५ असताना अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी सरवटे यांच्या जोडीला आले. दोघांनी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. शेवटच्या गड्यासाठी इंग्लंडमधील २३५ धावांचा १९०९ पासूनचा विक्रम मोडला आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी एकाच डावात शतके करण्याची प्रथम श्रेणीतील ती पहिलीच वेळ ठरली. दुसरी वेळ यायला ७८ वर्षे लागली: फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध रणजी उपांत्यपूर्व सामन्यात ती साधली. या खेळीला योगायोग म्हणण्याचा मोह होतो. बॅनर्जींबद्दल काही म्हणता येईल, पण प्रथम श्रेणीत १४ शतके करणारा फलंदाज दहाव्या क्रमांकावर पाठवला होता, यात योगायोगापेक्षा संघातील गर्दी अधिक दिसते. पुढे सरेच्या दुसऱ्या डावात त्यांनी पाच गडीही बाद केले आणि भारत नऊ गडी राखून जिंकला. तरीही जूनमध्ये लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत त्यांना स्थान नव्हते. ते जुलैत मँचेस्टरला मिळाले.

निवृत्तीनंतर सरवटे राष्ट्रीय निवड समितीवर होते. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीत गुलाम अहमद, चंदू बोर्डे, बिशनसिंग बेदी आणि पंकज रॉय यांच्याबरोबर त्यांचा समावेश होता. त्यांच्या इंदूरला रणजी करंडकाशी पुन्हा जोडणारे विजेतेपद मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मुंबईला हरवून मिळवले. होळकर संघाच्या चार विजेतेपदांनंतर या परंपरेला ते लाभले. इंदूर येथे त्यांचे निधन झाले.