खाऊचे पैसे, कष्टाचे पैसे

पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. मुलांनी घरात भांडी घासली, केर काढला, कोपऱ्यावरून दूध आणले, तर त्याबद्दल त्यांना पैसे द्यावेत काय? काही पालक सांगतात की त्यांनी घरात तक्ताच लावला आहे. अंथरुणाची घडी घातली की दोन रुपये, जेवणाची ताटे उचलली की पाच. मुलांना त्यामुळे कष्टाची किंमत कळते, असे त्यांचे म्हणणे. दुसरे पालक ही कल्पना ऐकूनच अस्वस्थ होतात. घर म्हणजे काय कंत्राट आहे, असे ते विचारतात. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, ती ही की हा प्रश्न नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींनी आणि मोबाइलवरच्या देवघेवीने नव्याने निर्माण केला. इतिहास शिकविणारीला तसे म्हणता येत नाही. मुलांच्या श्रमाचे मोल कोणी, कोणाला आणि कोणत्या रूपाने द्यावयाचे, याचा विचार मराठी समाज निदान शंभर वर्षे करीत आला आहे, आणि त्या विचाराचा एक धागा आपल्या या दिल्लीतून गेलेला आहे. शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात त्याची नोंद असावी, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या भाषेत मुलाच्या हातावर पडणाऱ्या पैशांना वेगवेगळी नावे आहेत. पाहुणे जाताना देतात ते खाऊचे पैसे. भाऊबीजेला मिळते ती ओवाळणी. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर बक्षीस. कामाबद्दल मिळते ती मजुरी, आणि हा शेवटचा शब्द उंबरठ्याच्या आत कधी वापरला जात नसे. ‘पॉकेटमनी’ला मराठीत ‘हातखर्च’ म्हणतात खरे, परंतु तो शब्द मोठ्यांच्या हिशेबाच्या वहीत शोभतो. मुलाच्या तोंडी तो आजही परका वाटतो. ओवाळणीबद्दल एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. बहिणीला वर्षातून एकदा तबकात पैसे मिळतात, आणि उरलेले वर्षभर त्याच भावाचे ताट ती उचलते.

शिक्षणासाठी घर सोडलेल्या गरीब मुलाची जुनी सोय म्हणजे माधुकरी, नाही तर वार. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात यजमानांवर ढकलायचे. या जेवणाला किंमत नसे असे नाही. पूजेची फुले आणणे, पाणी भरणे, यजमानांच्या धाकट्या मुलांचा अभ्यास घेणे, अशी कामे न सांगता अंगावर पडत. मजुरी ठरलेली नसल्यामुळे उपकार मात्र जन्मभर उरत. त्यातही ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांची होती. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला वार लावून जेवू घालणारे घर शहरात सापडणे कठीण. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, तो ही उणीव ओळखून.

त्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेले, कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पाटील यांनी या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. एकाच पंगतीत सर्व जातींची मुले जेवत, ही त्या वसतिगृहाची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष मात्र पंगतीच्या आधी काय घडत असे, तिकडे जाते. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे मुले स्वतः पाळीपाळीने करीत. जी कामे घरी आईने आणि बहिणीने करावयाची असा रिवाज होता, तीच येथे मुलग्यांच्या शिक्षणाचा भाग झाली. आपल्याकडच्या शिक्षणविषयक ग्रंथांत या गोष्टीला असावे तितके महत्त्व मिळालेले नाही, असे माझे मत आहे.

पुढे याच कल्पनेचा विस्तार होऊन ‘कमवा आणि शिका’ ही योजना उभी राहिली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. विद्यार्थ्यांनी माळरान खणावे, शेती करावी, जनावरे सांभाळावी, रस्ते करावे, आणि त्या श्रमातून स्वतःचे जेवण व शिक्षण भागवावे. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वाक्य भिंतीवर लिहिण्यापुरते नव्हते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. श्रमाला मोल होते, त्याचा हिशेबही होता. पण ते मोल खुळखुळत मुलाच्या खिशात पडण्यासाठी नव्हते. ते धान्य, फी, पुस्तके या रूपाने परत येई. माधुकरीतला उपकार त्यामुळे नाहीसा झाला आणि मजुरीतली घासाघीसही शिरली नाही. अर्थात ही व्यवस्था फुकटात उभी राहिली नाही. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील दिले. त्या घरात मुलांच्या श्रमाचा हिशेब राहिला; लक्ष्मीबाईंच्या श्रमाचा हिशेब कोणी मांडला असेल, असे मला वाटत नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

आता दिल्लीकडे यावे लागते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, असा विचार तिच्यापुढे होता. आराखडा तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकिर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात समितीने अहवाल दिला. योजनेचा पुरस्कार करतानाच समितीने बजावले की उत्पन्नावर फार भर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त माल काढून घेण्यामागे लागेल आणि शिक्षण बाजूला राहील. मुलाच्या कामाला किंमत लावली की ती लावणाऱ्याची दृष्टी बदलते, हे झाकिर हुसेन यांनी त्या वेळी ओळखले होते. घरातला दोन रुपये-पाच रुपयांचा तक्ता पाहताना मला हा अहवाल आठवतो.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांनी प्रकल्पपद्धतीने जे प्रयोग केले, त्यांत मुलांनीच चालवायचे दुकान आणि मुलांची बँक होती. नफा-तोटा, जमा-नावे, उधारी या गोष्टी मुले व्यवहारातून शिकत. कामाचा मोबदला देण्यापेक्षा पैशाची जबाबदारी देणे हा तेथील मार्ग होता, आणि तो मला अधिक पटतो. राष्ट्रीय बचत संघटनेची ‘संचयिका’ योजना पुढे देशभरच्या शाळांत आली, तिचा आशयही तोच. आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना ती पुस्तके आठवत असतील. पाच-दहा पैशांची नाणी रांगेत उभे राहून भरायची, वर्गशिक्षकांनी सही करायची. घरी मातीचा गल्ला असे. शेजारच्या हिंदी भाषक मुलांचे ऐकून आपली मुलेही त्याला गुल्लक म्हणू लागली. सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या कुटुंबांत महिन्याच्या पहिल्या तारखेला वडिलांचा पगार होई आणि त्या संध्याकाळी मुलांना एखादे नाणे मिळे. त्यासाठी काम करावे लागत नसे, आणि काम केले नाही म्हणून ते बंदही होत नसे.

दिल्लीत मराठी माणसे केवळ सचिवालयात नोकरीला आली नाहीत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून गलाईचे कारागीर देशभर पांगले. चांदणी चौकातील कुचा महाजनी आणि करोल बाग येथे त्यांच्या भट्ट्या आहेत. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबाने इतर धातू काढून सोने शुद्ध करायचे, असे हे काम. गावात शेती पिकत नाही म्हणून चुलत्याच्या, मामाच्या हाताखाली कोवळ्या वयाची मुले ‘काम शिकायला’ धाडण्याची रीत या धंद्यात दीर्घकाळ होती. धंदा नात्यागोत्याचा असल्यामुळे शिकणे कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड. त्या कारागिरांनी आपली मुले शाळेत घातली, त्यांच्यासाठी ही रीत मोडली, याचा मला आनंद आहे. ज्यांचे स्वतःचे बालपण भट्टीपुढे गेले, असे वडील घरकामाला पैसे देण्याच्या चर्चेत सहसा बोलत नाहीत. एकदा त्यांतले एक एवढेच म्हणाले, ‘‘बाई, पैसे लवकर मिळाले की शाळा लवकर सुटते.’’

कायद्यानेही ही सीमारेषा आखण्याचा प्रयत्न केला आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा राहिली. घरातल्या केरवाऱ्याचा आणि स्वयंपाकाचा तर कामगार कायद्याशी संबंधच येत नाही. ते काम कोण करते, हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसते. सहा वर्षांवरील व्यक्तींत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, पुरुषांचे २६.१ टक्के, जे करतात त्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७.

म्हणून तक्ता लावणाऱ्या पालकांना मी किमतीच्या आधी नावे विचारते. बऱ्याच घरांत मुलाने कधी नव्हे ती भांडी घासली की त्याला पैसे मिळतात, आणि मुलगी रोज घासते म्हणून तिचे काम तक्त्यात येतच नाही. सवयीचे झालेले काम मोजले जात नाही. घरकामाला पैसे देऊ नयेत, या मताची मी आहे. पण ते मत साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पाळ्या घरात लागू केल्यावरच मांडता येते. तोवर ‘घरच्या कामाचे कसले पैसे’ हे वाक्य मुलीलाच ऐकावे लागते.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला आठवडाभर स्वतः केलेल्या घरकामाची नोंद ठेवायला सांगितली होती. मुलींच्या पानांवर कणीक मळणे, धाकट्याला भरवणे, कपडे वाळत घालणे, अशा ओळी पान भरेपर्यंत होत्या. एका मुलाने रोज एकच ओळ लिहिली होती : ताईला मदत केली. कोणत्या कामात, ते सातही दिवस लिहिलेले नव्हते. वर्गात यावर हसणे झाले, मग बराच वेळ बोलणेही झाले. यंदा तोच तक्ता घरातल्या सर्वांसाठी दिला आहे. आईचा रकाना आहे, आजीचा आहे, वडिलांचाही आहे. तो भरून, सर्वांच्या सहीने, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत जमा करावयाचा आहे.