समुद्रावरची रेघ

नकाशे बघत बसायची मला जुनी खोड आहे. देशांच्या सीमा कुठे डोंगरावरून जातात, कुठे नदीच्या पात्रातून. पण अटलांटिक महासागरात ४५ अंश पश्चिम रेखांशावर एक सीमा आहे, तिथे डोंगर नाही, नदी नाही, नुसतं पाणी. बरं, ही सीमा देशांची नाही, माशांची आहे! १९८१ साली माणसांनी आखलेली.

मासा म्हणजे अटलांटिक ब्लूफिन ट्यूना. आपल्याकडच्या कुप्याचा जातभाई, पण अवाढव्य. तीन मीटर लांब होतो, वजन सहाशे किलोच्या वर जाऊ शकतं. स्नायूंची ऊब अंगात धरून ठेवायची सोय त्याच्याकडे असल्यामुळे नॉर्वेच्या गार पाण्यातही तो मजेत शिकार करतो. अंडी घालायला मात्र त्याला कोमट पाणी लागतं. अशी दोन ठिकाणं माहीत होती: पूर्वेला भूमध्य समुद्र आणि पश्चिमेला मेक्सिकोचं आखात. थोडक्यात, दोन माहेरं.

१९६०-७० च्या दशकांत पश्चिमेकडे बेसुमार मासेमारी झाली आणि मासा कमी झाला. अटलांटिकमधल्या ट्यूनाचा कारभार बघायला ‘इकॅट’ नावाचा आंतरराष्ट्रीय आयोग आहे (करार १९६६ चा, लागू १९६९ पासून). त्यांनी हिशोब सोपा केला. माहेरं दोन, म्हणजे घराणी दोन, मग मधोमध रेघ मारा! अलीकडचा मासा आखाताचा, पलीकडचा भूमध्याचा. पश्चिमेला कडक कोटा बसला, १९८३ साठी २,६६० टन. पूर्वेला मात्र कित्येक वर्षं असा लगाम नव्हता. १९९६ मध्ये तिकडची नुसती नोंदलेली पकडच ५० हजार टनांच्या वर गेली.

आता गंमत बघा. मासा ही रेघ ओलांडतो हे तेव्हाही ठाऊक होतं. वुड्स होलच्या फ्रँक मॅदर यांनी १९५४ पासून ट्यूनाला खुणेच्या पट्ट्या टोचून सोडायला सुरुवात केली होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ सोडलेले त्यांचे दोन मासे १९५९ साली थेट बिस्केच्या उपसागरात, म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या दारात सापडले. पण असे प्रवासी थोडेच असतील असं धरून चाललं गेलं. आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ म्हणून हार्डकोड केलेली व्हॅल्यू दहा वर्षांनीही प्रॉडक्शनमध्ये सापडते, तसंच हे.

मग इलेक्ट्रॉनिक टॅग आले. स्टॅनफर्डच्या बार्बरा ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शेकडो टॅगांची माहिती प्रसिद्ध केली. दोन्ही घराण्यांचे मासे उत्तर अटलांटिकमध्ये एकाच पंगतीला जेवत होते, पण अंडी घालायला जाताना वाटा वेगळ्या होत होत्या. दोन्ही माहेरांना गेलेला एकही मासा त्यांना दिसला नाही.

दुसरा पुरावा माशाच्या कानात मिळाला. तिथे एक चुनखडीचा इवलासा खडा असतो, झाडाच्या वलयांसारखा थराथराने वाढणारा. आतला थर लहानपणीचा, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कळतं की मासा कुठल्या पाण्यात वाढला. जन्मदाखलाच म्हणा ना! २००८ मध्ये जे रूकर आणि सहकाऱ्यांनी हे दाखले वाचले, तेव्हा अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ पकडलेल्या तरण्या माशांपैकी अर्ध्याहून जास्त भूमध्यात जन्मलेले निघाले. म्हणजे ‘पश्चिमेचा’ म्हणून मोजलेला मासा बऱ्याचदा पाहुणा होता, आणि पश्चिमेचा खरा मासा रेघेपलीकडे गेला की तिकडच्या जाळ्यात जात होता. आखाताचं घराणं मुळात लहान, त्यामुळे फटका त्यालाच जास्त.

मग डीएनए बघून सोक्षमोक्ष का लावला नाही? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गोची अशी की मोठे मासे सगळीकडे मिसळलेले, त्यांचे नमुने घेऊन हाती काय लागणार? म्हणून वर्षाच्या आतली पिल्लं त्यांच्या जन्मठिकाणाजवळच पकडून तपासली, तेव्हा २००७ मध्ये दोन घराण्यांत फरक दिसला. खरा, पण अगदी बारीक. कारण दर पिढीला मोजके मासे जरी सोयरीक बदलून दुसरीकडे गेले तरी जनुकांतला फरक पुसट होत जातो. पुढे २०१६ मध्ये तिसरंही अंडी घालायचं ठिकाण जाहीर झालं: गल्फ स्ट्रीम आणि अमेरिकेचा ईशान्य किनारा यांच्यामधला ‘स्लोप सी’. तिथल्या पिल्लांच्या जनुकांत दोन्ही घराण्यांची सरमिसळ दिसते.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. ‘जनुकं जवळजवळ सारखी, मग एकच साठा समजा, इथे कमी पडले तर तिकडून येतील’ असं म्हणायचा मोह होतो. पण जनुकं जुळती ठेवायला मूठभर मासे पुरतात, रिकामा झालेला समुद्र भरायला ते पुरत नाहीत. उद्या आखातातला मासा संपला तर भूमध्यातले मासे आपलं माहेर सोडून लाखांनी तिकडे जाणार नाहीत. आणि आखाताची वाट धरणारे मासेच उरले नाहीत, तर ती वाटही गेली.

सुदैवाने पुढे पूर्वेलाही कोटे आवळले गेले, आणि २०२१ मध्ये आययूसीएनने या जातीला धोक्याच्या यादीतून बाहेर काढलं. आनंदाची गोष्ट! पण ती सरासरी आहे, भूमध्याच्या मोठ्या घराण्याने वर खेचलेली. पश्चिमेचं घराणं अजून पूर्वीच्या मानाने खूप लहान आहे. २०२२ मध्ये इकॅटने कोटा ठरवायची नवी पद्धत स्वीकारली, तिच्यात हे दोन्हीकडचे मासे मिसळतात हे गृहीत धरलेलं आहे. म्हणजे मॅदर यांचे दोन मासे बिस्केत सापडल्यानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षांनी!

रेघ मात्र अजून तिथेच आहे. कोटे वाटायला कुठेतरी रेघ लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ती आपण आपल्या सोयीसाठी मारली होती, हे विसरलं की हिशोब चुकतो.

असो. आता जेवायची वेळ झाली. मासे आहेत की नाही ते बघतो!